घराला सुट्टी कशी लावणार?

आमदारांच्या संपर्क कार्यालयात सकाळी गर्दी असते ती पत्रांसाठी. कुणाला शाळाप्रवेशाची शिफारस हवी, कुणाला हॉस्पिटलच्या बिलात सवलत. त्यात आम्ही घरेलू कामगार संघटनेच्या बायका, कायद्यात दुरुस्ती करा म्हणणाऱ्या. पीए पुन्हा पुन्हा विचारत होता, "पण ताई, पत्र कुणाच्या नावे द्यायचं?"

मागणी एकच: आठवड्याची हक्काची भरपगारी सुट्टी. साहेब निवेदनावर नजर टाकून म्हणाले, "अहो, तुमचा कायदा कधीच झालाय की. मंडळसुद्धा आहे."

हा समज सगळीकडे भेटतो. 2008चा महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे खरा. त्यात नोंदणी आहे, मंडळ आहे, कल्याण निधी आहे. मालकाने सुट्टी द्यावी असं सांगणारं कलम नाही. मी प्रत पुढे केली. त्यांनी ती खरंच चाळली, हे सांगायलाच हवं. निवेदन घेऊन नुसता फोटो काढणारे जास्त भेटतात.

"दुकानाला, कारखान्याला सुट्टी लावता येते," ते म्हणाले. "घराला कशी लावणार? घर काय आस्थापना आहे?"

मी 2013चा लैंगिक छळ प्रतिबंधाचा कायदा काढला. त्यातल्या कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत राहतं घरही येतं. शेजारच्या मावशी लगेच म्हणाल्या, "म्हणजे आमच्याशी कुणी वाईट वागलं तर ते कामाचं ठिकाण, आणि सुट्टी मागितली की नुसतं घर?"

साहेब हसले, पण खुर्ची पुढे ओढून बसले. "मावशी, किती घरं करता?"

"चार. धुणं-भांडी तिकडे, पोळ्या इकडे. एका घरी महिन्याला दोन खाडे चालतात. दुसरीकडे खाडा झाला की पैसे कापतात. एक बाई म्हणते रविवारी येऊ नको, दुसरीकडे रविवारीच पाहुणे. सुट्टी मिळते साहेब, पण तुकड्यातुकड्यांत. अख्खा दिवस काही हाती लागत नाही."

माझ्या निवेदनात हे इतकं नेमकं कुठेच नव्हतं. चार मालकिणी आपापसांत ठरवून एक वार देणार नाहीत, तो कायद्यानेच ठरवायला हवा, हा मुद्दा तिथेच पक्का झाला.

"तिजोरीवर बोजा किती?" साहेबांचा पुढचा प्रश्न.

"काही नाही. सुट्टी मालकाने द्यायची."

अशासकीय विधेयकाचा, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडायच्या विधेयकाचा, विषय मी काढला. ते त्यांनी स्पष्टच मोडीत काढलं: मांडता येतं, मंजूर क्वचितच होतं. त्यापेक्षा लक्षवेधी, म्हणजे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, देऊ; कामकाजात लागली तर मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागेल.

पीएने मसुदा उघडला तो ठरलेल्या साच्याचा, "पसरलेला तीव्र असंतोष"सकट. असंतोष राहू दिला, वरची दोन वाक्यं काढून चार घरांचं गणित घातलं. लक्षवेधी स्वीकारायची की नाही ते विधानसभा अध्यक्ष ठरवणार. आणखी आमदारांच्या सह्या असलेल्या बऱ्या, असं पीएच म्हणाला आणि शेजारच्या मतदारसंघातल्या आमदारांच्या पीएचा नंबर लिहून दिला.