‘तरी’कडे झालेले दुर्लक्ष

सांगली, रविवार, रात्री दहा

आज जीआरईच्या, म्हणजे परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या, सरावात वीस गाळलेल्या जागांपैकी नऊ चुकल्या, आणि त्यांतल्या सहा प्रश्नांमधला एकही शब्द मला अनोळखी नव्हता, हे अधिक लागले. चार महिने रोज शब्द पाठ करूनही असे का व्हावे, हे शोधण्यात दुपार गेली.

सर्वांत बोचलेला प्रश्न साधारण असा होता: ‘समीक्षकांनी त्याला टॅसिटर्न, म्हणजे मितभाषी, ठरवले असले, तरी त्याची पत्रे वाचल्यावर तो मुळीच ____ नव्हता हे कळते.’ ‘तरी’ दिसताच मी उलट अर्थाचा ‘गॅर्युलस’ निवडून मोकळा झालो. वास्तविक अर्थ एकदा ‘तरी’ने उलटला होता आणि ‘मुळीच नव्हता’ने त्या रिकाम्या जागेपुरता पुन्हा सुलटा केला होता, त्यामुळे तिथे मितभाषी याच अर्थाचा ‘रेटिसंट’ हवा होता.

गंमत अशी की हे तर्कशास्त्र सांगलीकराला शिकवावे लागत नाही. ‘कोयना धरणातून विसर्ग कमी केला असला, तरी आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी...’ एवढे कानावर पडले की पुढचे ‘वाढतच आहे’ आम्ही पर्याय न बघता म्हणतो, कारण वरचे पाणी इथवर यायला वेळ लागतो आणि 40 फुटांची इशारा पातळी व 45 फुटांची धोका पातळी घरोघरी पाठ असते. शाळेत ‘पण, परंतु’ यांना न्यूनत्वबोधक आणि ‘म्हणून, सबब’ यांना परिणामबोधक अव्यये म्हणतात, एवढे घोकले होते. त्यांचा उपयोग आज उमगला.

इंग्रजीत मात्र ‘सिन्स’ आणि ‘व्हाइल’ हे दोघे लबाड आहेत, कारण पहिला कधी काळ दाखवतो तर कधी कारण, आणि दुसरा कधी ‘असताना’ असतो तर कधी चक्क ‘जरी’.

तीन जागांच्या प्रश्नात प्रत्येक जागेला तीन पर्याय असतात आणि तिन्ही जुळल्याशिवाय गुण मिळत नाही. म्हणजे अंदाजाने यश 27 मध्ये एकदाच. म्हणून संध्याकाळी पर्यायांवर पोस्टकार्ड ठेवून, रिकाम्या जागी आधी स्वतःचा मराठी शब्द लिहून, ते सहाही प्रश्न पुन्हा सोडवले. पाच बरोबर आले. सहाव्यात घाईने पुन्हा ‘सिन्स’ने फसवले. उरलेल्या तिनांपैकी एकात स्तुतीचा शब्द हवा, एवढे कळले होते. पण ‘एन्कोमियम’ म्हणजेच स्तुती, हे ठाऊक नसल्याने पोस्टकार्ड उचलूनही मी तसाच बसून राहिलो.