मातीच्या भांड्यातले खरेदीखत

माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला त्याला आता १४ महिने झाले. उजव्या हातात अजून पुरेसे बळ आलेले नाही, आणि वाचा तर जवळजवळ गेलीच आहे. काय सांगायचे ते त्यांना कळते, परंतु नेमका शब्द सापडत नाही, आणि मग ते मान फिरवून खिडकीकडे पाहत राहतात. वाचा परत येईल का, या प्रश्नाला डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यात जे उत्तर दिले होते तेच ते आजही देतात: निश्चित सांगता येत नाही.

त्या दिवसांत आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कितीतरी जणांनी मला एकच वचन पाठवले. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले, २९ व्या अध्यायातले ११ वे, ज्यात परमेश्वर आपल्या लोकांना सांगतो की तुमच्याविषयीचे माझे संकल्प मला ठाऊक आहेत आणि ते अनिष्टाचे नसून हिताचे आहेत. पाठवणाऱ्यांच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. मी मात्र त्या वचनाचा अर्थ माझ्या सोयीने लावला: बाबा लवकरच बोलू लागतील. तीन महिने गेले, सहा गेले, आणि ते वचन डोळ्यांसमोर आले की मला सांत्वन मिळण्याऐवजी राग येऊ लागला. प्रार्थनेला बसले तरी तोंडून शब्द निघेना. एका रात्री मी तो अध्याय पहिल्या ओळीपासून वाचला, आणि इतकी वर्षे आपण पत्रातले एकच वाक्य वाचत आलो आहोत हे माझ्या लक्षात आले.

कारण ते खरोखरच एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेच्या राजाला, सरदारांना आणि कारागिरांना बंदिवान करून बाबेलला नेले, आणि मागे राहिलेल्या यिर्मयाने त्यांना हे पत्र धाडले. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा परमेश्वराच्याच नावाने लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मया लिहितो, ७० वर्षे. घरे बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. हिताच्या संकल्पांचे ते प्रसिद्ध वचन या ७० वर्षांच्या उल्लेखाला लागूनच येते. पत्र ऐकताना जो मनुष्य ४० वर्षांचा होता, त्याला आपण यरुशलेम पुन्हा पाहणार नाही हे तिथेच उमगले असेल. तरीही ‘तुमच्याविषयी’ हा शब्द त्यालाही उद्देशून होता.

यावर मी बरेच दिवस विचार करत राहिले. मला वाटते, संकटात आपण एकमेकांना जो धीर देतो तो पुष्कळदा हनन्याचा असतो. त्यात देवाचे नाव असते, आशाही असते, फक्त ऐकणाऱ्याला बरे वाटावे म्हणून मुदत कमी केलेली असते. ती मुदत उलटली की मनुष्याचा विश्वास सांगणाऱ्यावरून नव्हे, देवावरून उडतो. बाबांचा आजार देवानेच हेतुपूर्वक पाठवला, असे काहींनी मला समजावले. ते मला मान्य करता येत नाही, आणि देवाच्या योजनेवर भरवसा ठेवण्यासाठी ते मान्य करावे लागते असेही मला वाटत नाही.

त्याच पुस्तकाच्या ३२ व्या अध्यायातला प्रसंग मला याहून जवळचा वाटतो. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला आहे आणि नगर पडणार असे सांगितल्याबद्दल यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथातले माझे शेत तू विकत घे. जी जमीन शत्रूच्या हाती जाणार हे यिर्मयाला इतर कोणाहूनही अधिक पक्के ठाऊक होते, ती तो देवाच्या सांगण्यावरून १७ शेकेल रुपे तोलून देऊन घेतो. साक्षीदारांच्या सह्या होतात, मोहोर लागते, आणि खरेदीखत दीर्घकाळ टिकावे म्हणून यिर्मयाचा लेखनिक बारूख ते मातीच्या भांड्यात ठेवतो. त्या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, एवढेच त्याला सांगण्यात आलेले असते.

हा व्यवहार पुरा झाल्यानंतर यिर्मया प्रार्थना करतो, आणि त्या प्रार्थनेच्या शेवटी त्याचा गोंधळ उघड होतो: नगर तर शत्रूच्या हाती चालले आहे, आणि तू मला शेत घे म्हणतोस? हे वाचून मला रडू आले. ज्याने हातातले रुपे तोलून दिले त्याच्याही मनात प्रश्न होता, आणि प्रश्न असतानाही खत करून झाले होते. पुढे नगर पडले. यिर्मयाला त्याच्या इच्छेविरुद्ध मिसरात (इजिप्तमध्ये) नेण्यात आले. त्या शेतात त्याने कधी पाऊल ठेवले, असा उल्लेख कुठेही नाही. बाबेलमधल्या लोकांना परतण्याची परवानगी मिळाली ती इ.स.पू. ५३८ च्या सुमारास, बाबेल जिंकणाऱ्या पारसाच्या कोरेश राजाच्या काळात.

तेव्हापासून मी बाबांच्या वाचेसाठी तारीख मागणे सोडले आहे. वाचा मात्र अजूनही मागते, रोज मागते.

बाबा गेली अनेक वर्षे घरखर्चाची वही स्वतःच्या हाताने लिहीत आले होते. झटक्याच्या दिवसापासून ती अर्धवट राहिली होती. गेल्या महिन्यात मी नवी वही आणली, २०० पानांची. एवढी मोठी कशाला, असे आईने विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही. मी ती बाबांच्या पुढ्यात ठेवली आणि पेन त्यांच्या डाव्या हातात दिले. त्यांनी बराच वेळ पानाकडे पाहिले, मग वाकड्यातिकड्या अंकांत त्या दिवसाची तारीख लिहिली आणि तिच्याखाली, पूर्वी ओढत तशीच, एक आडवी रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डाव्या हाताने कपाटाकडे बोट दाखवले. त्यांना वही हवी होती.