कॅमेरा माझ्या गळ्यातच राहू द्या

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. परवा रामबागेत हळदीकुंकवाला गेले होते, तिथे पुन्हा तोच प्रश्न आला. "अहो, तुमच्या एवढ्या फोटोंत तुम्ही कुठेच नसता. कोणी आपण होऊन म्हणतं, 'लाइए दीदी, आप सबका मैं खींच देता हूँ', तर त्यालाही तुम्ही नको म्हणता. असं का?" विचारणाऱ्या काकू मागच्या हिवाळ्यात आमच्याबरोबर मांडूला आल्या होत्या. जहाज महालासमोर एका गृहस्थांनी कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला आणि मी नको म्हटलं, ते काकूंच्या मनाला लागून राहिलं होतं.

लागणारच. आमच्या इंदूरमध्ये पत्ता विचारला तर माणूस वळणापर्यंत सोबत येतो. पोह्यांच्या ठेल्यावर शेजारी उभा असलेला आपल्या प्लेटकडे बघून ठेलेवाल्याला सांगतो, "भिया, दीदी को सेव और डालो." अशा गावात वाढलेल्या बाईला मदतीचा हात परत पाठवणं जड जातं. मलाही जातं.

कॅमेरा वडिलांचा आहे, याशिका-मॅट 124 जी. एकावर एक दोन भिंगं असलेला, पोटाशी धरून वरून खाली बघायचा. वरच्या भिंगातून आलेलं चित्र आपण कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या काचेत बघतो, खालच्या भिंगातून ते फिल्मवर उतरतं. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो, बस. फोटो काढला की बाजूची दांडी पुढे फिरवायची, अडली की उलटी मागे आणायची, तेव्हा पुढचा फोटो तयार. रोल आणि धुलाई मिळून हजाराच्या वर जातात, पण नकाराचं कारण पैसे नाहीत.

कारण महेश्वरच्या घाटावर घडलं, त्याला आठ वर्षं झाली. तिथे एक कुटुंब भेटलं होतं. त्यातले भाऊ म्हणाले, "आप भी आ जाइए, मैं लेता हूँ." मी आनंदाने दिला. पट्टा त्यांच्या गळ्यात घालायचा राहिला, ती चूक माझी. काचेत बघायला ते वाकले आणि कॅमेरा हातातून निसटून दगडी पायरीवर पडला. खालच्या भिंगाच्या कड्याला पोचा आला. ते इतके ओशाळले की खिशातून पाकीट काढून उभे राहिले. मी दांडी फिरवून बघितली, बटण दाबलं, आवाज नेहमीसारखा आला. "कुछ नहीं हुआ," म्हटलं, आणि तेव्हा मला खरंच तसं वाटलं.

दोन महिन्यांनी आईचं सहस्रचंद्रदर्शन झालं. तीन रोल काढले, छत्तीस फोटो. धुऊन आले तेव्हा कळलं. ह्या कॅमेऱ्याची दोन्ही भिंगं एकाच पाटीवर बसवलेली असतात आणि बरोबरीने पुढेमागे सरकतात. त्यांचा मेळ केसभर बिघडला तरी वरच्या काचेत जे लख्ख दिसतं ते फिल्मवर पुसट येतं, आणि काढताना त्याचा काही पत्ता लागत नाही. औक्षणाचा फोटो माझ्याकडे आहे. आईच्या पुढ्यात धरलेल्या ताटातल्या वाती एकेक मोजता येतात, तबकाच्या काठावर सांडलेलं कुंकू दिसतं, सुपारीवरच्या रेघासुद्धा दिसतात. ताटाच्या पलीकडे हातभर अंतरावर आईचा चेहरा आहे, तो धुक्यात गेल्यासारखा. तिने तोंडभर हसून माझ्याकडे बघितलं होतं, एवढं मला आठवतं. फोटोत ते हसू कळत नाही.

कॅमेरा मुंबईला पाठवून दुरुस्त करून आणला. आता ठीक आहे. पण त्या दिवसापासून तो दुसऱ्याच्या हातात दिला नाही.

त्या भावांचा राग मला कधी आला नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. ते चांगले होते म्हणून तर पुढे आले. आणि म्हणूनच नकार कसा द्यायचा ह्याचा मी इतका विचार करते.

सुरुवातीला मी खोटं बोलायचे. "बॅटरी संपली आहे," म्हणायचे. (ह्या कॅमेऱ्यात बॅटरी लागते ती उजेड मोजायला, फोटो तिच्यावाचूनही निघतो.) एकदा राजवाड्यासमोर एका तरुणाला हेच सांगितलं. तो बायको-मुलांना घेऊन बाजूला बसला. दोन मिनिटांत पहिल्या मजल्याच्या झरोक्यांवर छान ऊन आलं आणि मी विसरून फोटो काढला. मान वर केली तर तो माझ्याकडेच बघत होता. काही बोलला नाही, लहान्याचं टोपडं सारखं करायला वळला. घरी येईपर्यंत मला काही सुचलं नाही. माणसाने विश्वासाने विचारलं आणि मी त्याला खोटं ऐकवलं. त्यानंतर ती सबब बंद.

आता आधी आभार मानते. "आपने पूछा, बहुत अच्छा लगा." मग खरं ते सांगते: "ये मेरे पिताजी का है, एक बार गिर चुका है, इसलिए किसी को देती नहीं." वडिलांचं नाव निघालं की समोरचा लगेच मऊ होतो, बहुतेक वेळा स्वतःच्या वडिलांच्या घड्याळाची नाहीतर लुनाची गोष्ट सांगायला लागतो. बरोबर मंडळी असतील तर फोन पुढे करते, "इससे ज़रूर खींच दीजिए." तेवढ्याने त्यांचंही मन राहतं आणि आमचाही फोटो होतो. आणि एक फार जपते: नाही म्हणताना कॅमेरा छातीशी ओढून मागे सरकायचं नाही. चोराला बघून पदर सावरावा तसं ते दिसतं. शब्द कितीही गोड असले तरी ते मागे सरणंच लक्षात राहतं.

उलट मी कॅमेरा जरा पुढे धरते, पट्टा गळ्यातच ठेवून, आणि म्हणते, "खाली बघा." मोठमोठी माणसं वाकून बघतात. काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. डावीकडून येणारी रिक्षा उजवीकडून येते, तिच्यामागे कॅमेरा फिरवावा तर ती भलतीकडेच पळते. पोरं तर हलत नाहीत. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपाशी, कोणी भेटलं आणि मला वेळ असला तर लाला दीनदयाळांची गोष्टही सांगते. 1866 साली हा माणूस इंदूरला बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागला आणि काही वर्षांनी इथेच फोटो काढू लागला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्याला पाठबळ दिलं, त्यांच्याच ओळखीने तो मोठ्या इंग्रज अधिकाऱ्यांपर्यंत पोचला आणि 1885 मध्ये हैदराबादच्या निजामाचा छायाचित्रकार झाला. "जिस छतरी के आगे हम खड़े हैं, वो उन्हीं तुकोजीराव की है," म्हटलं की लोक छत्रीकडे नव्याने बघतात. इंदूरचीच माणसं, रोज इथून जाणारी, त्यांनाही हे माहीत नसतं.

"मॅडम, ये आपसे चलेगा नहीं, इधर दीजिए" म्हणणारेही भेटतात. त्यांना "चलता है" एवढंच.

काकू, आता मांडूचं. तुमची तक्रार खरी आहे. त्या दिवशी ऊन उतरत होतं, तळ्यात महालाचं प्रतिबिंब स्थिर झालं होतं आणि माझ्याकडे शेवटचे दोन फोटो उरले होते. ते गृहस्थ आले तेव्हा मी काचेतून मानसुद्धा वर केली नाही. आभार नाहीत, वडिलांचं नाव नाही, नुसतं "नहीं, नहीं" म्हटलं. फोटो चांगला आला, तुम्ही बघितलाच आहे. दांडी फिरवून मान वर केली तेव्हा ते मुलीचा हात धरून हिंडोळा महालाकडे निघून गेले होते. मुलगी सहा-सात वर्षांची असेल, मागे वळून कॅमेऱ्याकडे बघत होती. तिला काचेत बघायला बोलवायचं राहिलं.