आमची वाटचाल : उंच झाडांची निगा आणि दोरावरचे काम

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, आणि घराला लागून असलेल्या झाडांच्या धोकादायक फांद्या उतरवून देण्यापासून आमच्या व्यवसायाची सुरुवात झाली. तेव्हा कुऱ्हाड, कोयता आणि अंबाडीचा दोर एवढ्यावरच काम चालत असे. त्या पद्धतीने काम करणाऱ्या जुन्या जाणकारांकडून आम्ही चिंच, कडुनिंब आणि आंब्याच्या लाकडाचा स्वभाव शिकलो. मात्र अंबाडीचा दोर भिजून आतून कुजला तरी वरून ते सहज कळत नाही, म्हणून माणसाचा भार त्यावर टाकायचा नाही, असे आम्ही ठरवले आणि चेनसॉ (यंत्रावर चालणारी साखळी-करवत) घेण्याआधी योग्य दोर व हार्नेस (अंगाला बांधून दोराला अडकवायचे पट्टे) घेतले.

हा दोर आत गाभा आणि वर विणलेले आवरण अशा रचनेचा, कमी ताणला जाणारा असतो. ईएन १८९१ या युरोपीय मानकातील ‘ए’ प्रकारच्या दोराने किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २,२०० किलो वजनाइतका भार पेलला पाहिजे, अशी अट आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, पण दोराला खरा धोका उन्हातील अतिनील किरणांचा आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीतील आम्लाचा असतो. त्यामुळे काम संपताच दोर पिशवीत जातो, अंधाऱ्या कोरड्या खोलीत राहतो आणि प्रत्येक कामापूर्वी तो वीत-वीत बोटांखालून सरकवून तपासला जातो.

बुटांना बांधायचे लोखंडी काटे आम्ही फक्त वाळलेल्या किंवा तोडायच्याच झाडावर वापरतो, कारण प्रत्येक काटा सालीखालचा जिवंत थर फोडतो. निगेसाठी चढायचे असेल, तर वजनाची लहान पिशवी बांधलेली बारीक दोरी मजबूत फांदीवरून फेकून तिच्यामागे मुख्य दोर ओढला जातो आणि दोघांनी त्याला लोंबकळून भार पारखल्यावरच माणूस वर जातो. त्याआधी बुंध्याशी अळंबी उगवली आहे का, खोड पोकळ वाजते का, हे पाहिले जाते. वडावर आग्या मोहोळ असेल तर ते उठून जाईपर्यंत आम्ही थांबतो, आणि वीजवाहिनी जवळ असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद होऊन तारा अर्थिंग केल्याशिवाय काम सुरू करत नाही.

चेनसॉ चालवताना माणूस दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेला असलाच पाहिजे, कारण एक दोर करवतीखाली आला तरी दुसऱ्याने त्याला धरून ठेवले पाहिजे. जड फांदी तीन कापांत उतरते: आधी खालून, मग थोडे पुढे वरून, आणि शेवटी उरलेले खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कडेला धक्का न लावता. जखम बंद करणारा नवा थर याच कडेतून वाढतो. त्या जखमेवर डांबर फासण्याची मागणी अनेकजण करतात. त्याने कूज थांबत नाही, हे आम्ही प्रत्येकाला शांतपणे समजावून सांगतो.

आमच्या कामातील सर्वांत महत्त्वाचा माणूस, माझ्या मते, खाली उभा असतो. हार्नेसमध्ये बेशुद्ध होऊन लटकलेल्या माणसाच्या जिवाला थोड्याच मिनिटांत धोका निर्माण होऊ शकतो, आणि शिवारातल्या पांदण रस्त्याने १०८ ची रुग्णवाहिका इतक्या लवकर पोहोचणे कठीण असते. म्हणून स्वतः चढून साथीदाराला उतरवू शकेल असा प्रशिक्षित माणूस, वेगळा दोर आणि दुसरा हार्नेस यांसह, काम संपेपर्यंत बुंध्याशी थांबतो. त्याची मजुरी आमच्या दरात धरलेली असते. ती वगळून दर कमी करण्याचा आग्रह झाल्यास आम्ही ते काम घेत नाही.

झाड पूर्ण तोडायचे असल्यास १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यानुसार लागणारी परवानगी मालकाने आधी दाखवावी लागते. पण पुष्कळदा वाळलेल्या फांद्या काढून आणि शेंड्याचा भार हलका करून झाड वाचवता येते, आणि तसे असेल तर आम्ही तोच सल्ला देतो. गावातील जी तरुण मुले आता आमच्याकडे येतात, ती पहिला पूर्ण हंगाम जमिनीवरच काम करतात, गाठी बांधायला आणि साथीदाराला खाली उतरवायला शिकतात, आणि त्यानंतरच त्यांच्या नावाचा हार्नेस घेतला जातो.