आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) हरवली आणि गाडी अजून जुन्या मालकाच्याच नावावर, माझा अनुभव

सेकंडहँड अ‍ॅक्टिवा घेतली होती, डीलरकडून नाही, ओळखीतून, सदाशिव पेठेतले एक रिटायर्ड काका. पैसे दिले, काकांनी मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, ओरिजिनल आरसी दिली, आणि महिनाअखेर ते साताऱ्याला गावी राहायला गेले. ट्रान्सफर करायला फाइल एका एजंटकडे दिली होती आणि त्याने ऑफिस हलवताना ती गहाळ केली. वर मलाच म्हणतो, "सर तुम्ही परत नेली होती ना?" त्याच्याशी भांडण्यात काही अर्थ नव्हता.

आता लोकांना वाटतं की टीटी फॉर्म (ट्रान्सफरचे, म्हणजे हेच २९ आणि ३०) हरवले म्हणजे संपलं. तसं काही नाही, फॉर्म परिवहनच्या साइटवरून पुन्हा प्रिंट निघतात. खरी अडचण आरसीची. डुप्लिकेट आरसीचा अर्ज, म्हणजे फॉर्म २६, ज्याच्या नावावर गाडी आहे त्यानेच करायचा असतो. आपण पैसे मोजलेत, गाडी आपल्या पार्किंगमध्ये उभी आहे, पण आरटीओच्या लेखी आपण कोणीच नाही. म्हणजे सगळं काकांवर.

फोन करायला धीर होत नव्हता, विकलेल्या गाडीसाठी म्हातारा माणूस साताऱ्याहून का येईल? पण बोलता बोलता त्यांच्या मुलानेच विषय काढला, की बाबांच्या मोबाइलवर अजून या गाडीची चलानं येतायत. (नळ स्टॉपचं हेल्मेटचं चलान माझंच, ते लगेच भरलं, पेंडिंग चलान असलं की पुढे काम अडतंच.) मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. आणि सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय की अपघात झाला तर ज्याचं नाव रेकॉर्डवर आहे तोच मालक धरला जाणार, गाडी विकली असली तरी. हे मी त्यांना सांगितल्यावर चित्रच बदललं, मी उपकार मागत नव्हतो, ट्रान्सफर त्यांनाही माझ्याइतकीच हवी होती. विकणाऱ्याशी बोलायचं असेल तर इथूनच सुरुवात करा, गयावया करू नका.

मग कामाला लागलो. पुणे पोलिसांच्या साइटवर लॉस्ट अँड फाउंडमध्ये तक्रार टाकली, रिपोर्टची पीडीएफ मिळते, त्यासाठी चौकीत जावं लागलं नाही. त्यानंतर डुप्लिकेट आरसीचा अर्ज ऑनलाइन भरताना मोबाइल नंबरचा घोळ. गाडीला जोडलेला काकांचा नंबर जुना निघाला असता तर ओटीपी बंद नंबरवर गेला असता, पण चलानं येत होती म्हणजे नंबर चालू होता, ही एक गोष्ट सुखाची. त्यांचा मुलगा फोन हातात धरून बसायचा आणि मी इकडून "काका, आला का?" विचारायचो, साइट मध्येच लटकायची, परत पहिल्यापासून. चासी आणि इंजिन नंबर इन्शुरन्स पॉलिसीच्या फोटोत होते, तो व्हॉट्सअ‍ॅपवर पडून होता म्हणून बरं, विकत घ्यायच्या आधीच सगळ्या कागदांचे फोटो काढून ठेवायचे.

काका शेवटी स्वतः आले, संगम पुलाजवळच्या आरटीओत. गेटवरच एजंटांचं "साहेब काय काम, टीटी का?" सुरू. पेन्सिलने चासी नंबर घासून प्रिंट काढलेली होती, पीयूसी, इन्शुरन्स, सगळं जोडलेलं, आणि अडलं कुठे, तर सहीवर! काकांची जुनी सही मराठीत, लफ्फेदार, आणि आता हात थरथरतो म्हणून ते इंग्रजीत दोन अक्षरं काढतात. क्लार्क दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत बसला. काकांनी चष्मा काढला, बाकावर फाइल मांडीवर घेऊन हळूहळू जुन्या वळणाची सही केली, मधली वेलांटी जरा हुकली, पण क्लार्क मान हलवून पुढचा कागद मागायला लागला. माझं मत विचाराल तर बँकेच्या सहीसारखी ही सहीसुद्धा आधी घरी जुळवून बघा, आणि आधार कार्ड ओरिजिनल बरोबर असू द्या.

आधी डुप्लिकेट आरसी, ती आल्यावर मगच ट्रान्सफरचा अर्ज. गाडीवर लोन असतं तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ ची भानगड वेगळीच, काकांनी रोखीने घेतलेली म्हणून तेवढं वाचलं. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवीन हायसिक्युरिटी नंबरप्लेट आधी बसवून घ्या, नाहीतर तिथेच परत पाठवतात.

ट्रान्सफरच्या वेळी एजंट घेतला नाही, फॉर्म ३० मीच भरला. नवी आरसी पोस्टाने घरी आली, माझं नाव बघून आधी स्पेलिंग तपासलं, मग काकांच्या मुलाला फोटो पाठवला. त्याचा अंगठा आला आणि खाली मेसेज, "आता चलान तुमच्याकडे." इन्शुरन्स मात्र अजून काकांच्या नावावर होता, तो बदलायला कंपनीला मेल करून ठेवलाय.