सर्टिफिकेटवरची दुसरी तारीख

जर्मनीत नदीकाठी गळ टाकून बसायचं असेल तरी आधी परीक्षा द्यावी लागते. थट्टा नाही करत. माशांच्या जाती कोणत्या, कुठला मासा कधी पकडायचा नाही, पकडल्यावर त्याला त्रास न देता कसं मारायचं, सगळ्यावर प्रश्न असतात. पास झालात की परवाना. तेव्हा नोकरीच्या अर्जाची काय गत असेल, बघा. बायोडेटाच्या मागे शाळेच्या शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका, पदवी, आधीच्या प्रत्येक कंपनीनं लिहून दिलेलं प्रशस्तिपत्र आणि असतील नसतील ती सगळी सर्टिफिकेशन्स जोडायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे.

त्यामुळे घरून फोन आला की विषय हटकून सर्टिफिकेशनवरच येतो. परवा क्लाउडचं (इंटरनेटवरून भाड्यानं मिळणाऱ्या सर्व्हरांचं) सर्टिफिकेशन करायला निघालेल्या भाच्यानं विचारलं, “मावशी, कुठलं करू? अ‍ॅमेझॉनचं एडब्ल्यूएस की मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅझ्युर?” मी म्हटलं, “कुठलंही कर रे, पण सांभाळशील किती वर्षं?” त्याला वाटलं मी टोमणा मारतेय.

प्रश्न खरा होता. सर्टिफिकेटवर दोन तारखा असतात. पहिली आपण लिंक्डइनवर टाकतो, अभिनंदनं गोळा करतो. दुसरी, म्हणजे मुदत संपायची, आपल्यालाच आठवत नाही. मला ती दिसते, कारण फ्रँकफर्टच्या ज्या कंपनीत मी क्लाउडचं काम करते तिथे मुलाखतीला तांत्रिक बाजूनं बसणं माझ्याकडे आहे. सात बॅज (प्रत्येक सर्टिफिकेशनची डिजिटल खूण) लावलेला अर्ज येतो, आणि त्यातले पाच मागेच संपलेले असतात. असं बघितलं की मला त्या माणसाच्या ज्ञानाबद्दल काहीच कळत नाही. एवढंच कळतं की कधीतरी त्याला या सगळ्याचा हुरूप होता.

प्रत्येकाची मुदत निराळी, आणि करण्याआधी तीच बघावी असं माझं म्हणणं. एडब्ल्यूएसचं सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट तीन वर्षं चालतं. ६५ प्रश्न, १३० मिनिटं, फी १५० डॉलर, १००० पैकी ७२० मिळाले की पास. त्या ६५ मधल्या १५ प्रश्नांचे गुण धरतच नाहीत, पण ते कुठले हे कोणी सांगत नाही. तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा. वरच्या पातळीचं प्रोफेशनल पास झालात तर खालचं असोसिएट आपोआप पुढे सरकतं, शिवाय प्रत्येक वेळी पास झाल्यावर पुढच्या परीक्षेवर निम्मी सूट मिळते. कुबरनेटिस म्हणजे अनेक सर्व्हरांवर प्रोग्रॅम चालवणारी, सांभाळणारी प्रणाली; तिच्या सीकेए परीक्षेत पर्याय निवडायची भानगडच नाही. दोन तास समोर टर्मिनल, मोडलेलं क्लस्टर (सर्व्हरांचा गट) दुरुस्त करून दाखवायचं, अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडून बघायला परवानगी. त्याची मुदत तीन वर्षं होती, एप्रिल २०२४ पासून दोन केली. टेस्टिंगवाल्यांचं आयएसटीक्यूबी फाउंडेशन मात्र जन्मभराचं. प्रोजेक्ट मॅनेजरांच्या पीएमपीला दर तीन वर्षांत शिकल्याचे ६० गुणांक जमवून दाखवावे लागतात.

या सगळ्यांत मला मायक्रोसॉफ्टची पद्धत मनापासून आवडते, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त कुरकूर तिच्याबद्दलच ऐकू येते. अ‍ॅझ्युर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरसारखं सर्टिफिकेशन एकाच वर्षाचं असतं. “दरवर्षी काय कटकट!” पण नूतनीकरण फुकट आहे, घरच्या घरी होतं, कॅमेरा लावून कोणी बघत नाही आणि पुस्तक उघडून उत्तरं दिली तरी चालतात. मुदत संपायच्या सहा महिने आधी नूतनीकरणाची खिडकी उघडते, आणि लवकर उरकलंत तरी नवं वर्ष जुन्या तारखेपासूनच मोजलं जातं, म्हणजे नुकसान नाही. प्रश्न मुख्यतः वर्षभरात जे बदललं त्यावर असतात. मी रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन बसते, आणि “हे कधी बदललं?” असं निदान दोनदा तरी तोंडातून निघतंच. दोन्ही वेळा ते कामावर उपयोगी पडलेलं असतं. तारीख चुकवली की मात्र फुकटचा मामला संपला. मूळ परीक्षा फी भरून पहिल्यापासून.

डम्पबद्दल, म्हणजे परीक्षेतून फुटलेल्या प्रश्नांच्या संचांबद्दल, बोलायलाच हवं, कारण आपल्याकडे त्याची लाज कोणाला वाटत नाही. टेलिग्रामवरचे चारशे प्रश्न घोकून पास झालेला माणूस मुलाखतीत ओळखायला फार वेळ लागत नाही. सर्व्हरच्या रहदारीवरच्या दोन पहारेकऱ्यांपैकी सिक्युरिटी ग्रुप स्टेटफुल (विनंती लक्षात ठेवणारा) असतो आणि नेटवर्क एसीएल स्टेटलेस (न ठेवणारा), हे तो झोपेतही सांगेल. मग मी विचारते, “सर्व्हरपर्यंत विनंती पोचतेय, लॉगमध्ये दिसतेय, पण उत्तर परत येत नाही. सिक्युरिटी ग्रुप ठीक आहे. कुठे बघशील?” त्यानं आत्ताच जे वाक्य म्हटलं त्यातच उत्तर आहे: एसीएल आलेली विनंती लक्षात ठेवत नाही, म्हणून परतीच्या वाटेचा नियम वेगळा लिहावा लागतो, आणि तोही वरच्या आकड्यांच्या तात्पुरत्या पोर्टांसाठी (जोडणीच्या क्रमांकित दारांसाठी). ज्यानं एकदा हातानं हे बिघडवून दुरुस्त केलंय तो हसतो आणि सांगतो. बाकीचे स्टेटफुल-स्टेटलेस पुन्हा एकदा म्हणून दाखवतात.

परीक्षेच्या दिवसाबद्दल दोन कामाच्या गोष्टी. एक, नाव. परीक्षेच्या खात्यात पासपोर्टवर आहे तसंच नाव हवं, नाहीतर दारातूनच परत. आपल्या बायकांचं हे दुखणं मोठं: डिग्रीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, काहींचं तर पहिलं नावही बदललेलं. मग इथल्या एचआरला विवाहनोंदणीच्या दाखल्याचं भाषांतर देत बसा. दुसरी, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना एडब्ल्यूएस ३० मिनिटं जास्त देतं. मात्र परीक्षा बुक करायच्या आधी खात्यात जाऊन तसं मागावं लागतं, नंतर नाही. मराठी माध्यमातून शिकलेलेसुद्धा हे मागायला संकोचतात. कशाला? नियमात बसतंय, घ्या.

घरून परीक्षा देता येते, पण मी केंद्रावर जाणं पसंत करते. घरी द्यायची तर खोलीचे चारही बाजूंचे फोटो पाठवा, टेबल धुऊन पुसून मोकळं करा, प्रश्न ओठ हलवून वाचू नका, कोणी खोलीत आलं तर संपलं. त्यात इथे शेजाऱ्याचं पार्सल आपल्याकडे ठेवायची रीत. पार्सलवाला खाली बेल वाजवत राहतो आणि तुम्ही कॅमेऱ्यासमोर पुतळा होऊन बसलेले. केंद्रावर खिसे उलटे करून दाखवावे लागतात, चष्मासुद्धा तपासतात, पण तिथे बेल वाजत नाही.

आता पैसे. स्वतःच्या खिशातून फी भरण्याआधी मॅनेजरला विचारा, आणि दबकत विचारू नका. सल्लागार कंपन्यांना एडब्ल्यूएस किंवा मायक्रोसॉफ्टच्या भागीदार म्हणून वरची पायरी हवी असते, आणि त्यासाठी पगारपत्रकावर ठरावीक संख्येनं सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात. म्हणजे तुमच्या बॅजची गरज तुमच्याइतकीच त्यांना आहे. पगारवाढीच्या बोलण्यात हा मुद्दा न मांडणारे लोक बघितले की मला आश्चर्य वाटतं. जर्मनीत याला एक शेपूट असतं: कंपनी फी भरते, आणि अमुक काळात नोकरी सोडलीत तर पैसे परत, असा करार पुढे करते. सही करण्याआधी वाचा. प्रशिक्षण जेवढं मोठं तेवढंच बंधन लांब असायला हवं, आणि जसजसे महिने जातील तसतशी परतफेडीची रक्कम उतरायला हवी, असं इथली न्यायालयं बघतात. एका परीक्षेच्या फीसाठी दोन वर्षं बांधून घेणारा करार समोर आला तर निदान भुवई उंचवा.

आमच्या हेसेन राज्यात वर्षाला पाच दिवस पगारी शिक्षणरजाही मिळते. ती राज्यानं मान्य केलेल्या कोर्सलाच मिळते, घरी बसून परीक्षेचा अभ्यास करायला नाही. म्युनिकच्या मैत्रिणींना मी हे चिडवायला सांगते, कारण बव्हेरियात असा कायदाच नाही. फी स्वतः भरली असेल तर ती करविवरणात दाखवता येते. अर्थात वर्षाची १२३० युरोंची सरसकट वजावट सगळ्या नोकरदारांना मिळतेच, तिच्या वर खर्च गेला तरच फायदा.

आणि ज्यांना अजून यायचंय त्यांच्यासाठी. सर्टिफिकेशन केलं की जर्मनीचा व्हिसा, अशी जाहिरात करणारे क्लासवाले आहेत. नोव्हेंबर २०२३ पासून आयटीतल्या लोकांना पदवीशिवायही ब्लू कार्ड (कुशल कामगारांचा राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना) मिळू शकतं हे खरं, पण गेल्या सात वर्षांत निदान तीन वर्षांचा पदवीच्या तोडीचा अनुभव आणि ठरलेल्या किमान पगाराची नोकरी हातात असावी लागते. अनुभवाच्या जागी बॅज चालत नाही.

खरं सांगायचं तर इथे सगळ्यात जास्त कामी आलेला कागद माझ्या बाबतीत सॉफ्टवेअरचा नाहीच, गोएथे संस्थेच्या बी-टू या जर्मन भाषेच्या परीक्षेचा आहे. मीटिंग इंग्रजीत सुरू होते, पण सर्व्हर बंद पडला की सगळे जर्मनवर येतात, आणि त्या वेळी जो बोलू शकतो त्याच्याकडे पुढचं काम येतं. वाचन, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग, प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत. एका भागात आपटलात तर तेवढाच पुन्हा देता येतो. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात (गोएथे संस्थेचं भारतातलं नाव) ही परीक्षा होते. नोकरी लागून इथे आल्यावर संध्याकाळच्या वर्गात पेंगत शिकण्यापेक्षा निघायच्या आधी तिथेच उरकून या.