मेव्हनला +१ देण्याआधी

अपाचे मेव्हन म्हणजे जावात लिहिलेल्या कोडचं चालणारं सॉफ्टवेअर बांधून देणारं (त्यालाच बिल्ड म्हणतात) मोफत साधन. त्याची नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी तिच्यावर मतदान होतं, आणि त्यात कुणीही मत देऊ शकतं: बाजूनं +१, विरोधात -१. आमच्या ऑफिसात हे कुणाच्या गावीही नव्हतं. मतदान साधारणपणे किमान ७२ तास चालतं. प्रकल्पाच्या व्यवस्थापन समितीतल्या निदान तिघांचं +१ लागतं आणि -१ पेक्षा +१ जास्त पडावी लागतात. नकाराधिकार कुणालाच नाही, एकट्याच्या -१ ने रिलीज अडत नाही. माझ्यासारख्या बाहेरच्याचं मत तर बंधनकारक धरतच नाहीत. तरी द्यायचं, कारण आमच्याकडे आहे तसला प्रोजेक्ट तिकडे बहुधा कुणाकडे नसणार.

आम्ही सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यांचा उत्पादनाचा आणि बिलांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर करतो. सगळं जावात, मॉड्यूल ढीगभर, त्यातले काही लिहिणारे कधीच पुण्याला गेले. स्क्रीनवरची लेबलं मात्र मराठीत: ताणा, बाणा, डझन, वजन. मशीन विंडोजची.

सुरुवात सोर्सच्या, म्हणजे मूळ कोडच्या, झिपपासून. अपाचेच्या नियमानं रिलीज म्हणजे सोर्स, थेट चालवता येणारी तयार बायनरी ही फक्त सोय. झिपबरोबर डिजिटल सहीची फाइल आणि एसएचए-५१२ चा आकडा (फाइलीवरून काढलेला चेकसम, फाइल बदलली की तोही बदलतो) येतो. आकडा जुळला. सही तपासायचं काम ऑफिसातल्या नव्या मुलाकडे दिलं होतं. तो म्हणाला, "सर, सही बरोबर आहे म्हणतंय, आणि खाली वॉर्निंग पण देतंय की. कुठलं खरं धरायचं?"

दोन्ही खरं. सही रिलीज करणाऱ्याच्या नावे असलेल्या डिजिटल किल्लीनंच केलेली आहे आणि फाइलीत नंतर फेरफार झालेला नाही, हे पहिल्या ओळीत कळतं. ती किल्ली खरोखर त्याच माणसाची आहे असं तुम्ही स्वतः अजून कुठे नोंदवलेलं नाही, एवढंच वॉर्निंग सांगते. म्हणून किल्ल्यांची यादी अपाचेच्या मूळ साइटवरूनच घ्यायची आणि किल्लीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळखखूण, ताडून पाहायचा. झिप जिथून मिळाली तिथूनच किल्लीही उचलली, तर तपासणीला अर्थच उरत नाही.

परवान्याची आणि नोटीसची फाइल जागेवर होती. मग सोर्सवरून बिल्ड केलं. मेव्हन बांधायला आधी मेव्हनच लागतं, ही गंमत त्या मुलाला फार आवडली. टेस्ट पास झाल्या आणि आम्हीच बांधलेली प्रत पुढच्या तपासणीला घेतली.

खरं काम इथून पुढे. लोकल रिपॉझिटरी, म्हणजे मेव्हन डाउनलोड केलेल्या जार (जावाच्या तयार कोडच्या फाइली) साठवतं ते फोल्डर, रिकामी ठेवूनच आमच्या प्रोजेक्टचं बिल्ड चालवायचं, हा माझा हट्ट. वर्षानुवर्षं साठलेल्या फोल्डरमध्ये सगळ्या जार आधीच पडून असतात, त्यामुळे नव्या आवृत्तीला एखादी डाउनलोड करता येत नसेल तरी पत्ता लागत नाही. आणि ३.९ मालिकेत डाउनलोडची आतली यंत्रणाच बदलली आहे, म्हणजे तपासायचं तेच. वेळ जातो. एप्रिलचं ऊन, मध्येच लाइट गेली, पुन्हा पहिल्यापासून.

लेबलांची फाइल मी स्वतः उघडून पाहिली. बिल्डमध्ये तिच्यात आवृत्तीचा नंबर भरला जातो, म्हणजे मेव्हन ती वाचतं आणि पुन्हा लिहितं. जावा १८ पासून यूटीएफ-८, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिपी चालणारं एन्कोडिंग, हे सगळीकडे डिफॉल्ट झालं. आम्ही अजून ८ आणि १७ वर, आणि तिथे विंडोज आपलं एन्कोडिंग पुढे करतं. पॉममध्ये, म्हणजे मेव्हनला सूचना देणाऱ्या फाइलीत, यूटीएफ-८ लिहिलेलं आहे, तरी ही एक गोष्ट मी कुणाच्या भरवशावर सोडत नाही. जार उघडली, फाइल पाहिली. 'बाणा' जसाच्या तसा होता, प्रश्नचिन्हं नव्हती. दोन्ही जावांवर.

मग लॉगमध्ये पिवळ्या ओळी दिसल्या. एका जुन्या प्लगइनबद्दल (मेव्हनला जोडलेल्या जादा कामाच्या तुकड्याबद्दल) मेव्हन कुरकुरत होतं, आणि ऑफिसातल्या ३.८ वर त्यातलं काहीच येत नव्हतं.

"-१ देऊया का सर?"

"थांब रे."

३.८ शी ताडलं तर फरक दिसणारच, मध्ये कितीतरी रिलीज होऊन गेली. मत द्यायचं होतं ते या एका रिलीजवर. म्हणून ३.९ मधलं याच्या लगेच आधीचं रिलीज उतरवलं, रिकाम्या रिपॉझिटरीवर तेच बिल्ड चालवलं आणि दोन लॉग शेजारी शेजारी लावले. पिवळ्या ओळी तिथेही होत्या, शब्दन् शब्द त्याच. प्लगइन मेव्हनच्या जुन्या, काढून टाकायच्या ठरलेल्या भागांवर अवलंबून होतं, आणि मेव्हन तेच सांगत होतं. रिलीजचा त्यात काही दोष नव्हता.

मत कळवताना नुसतं +१ लिहून भागत नाही असं माझं मत आहे. विंडोज ११, जावा ८ आणि १७, सही आणि एसएचए-५१२ तपासले, सोर्सवरून बिल्ड केलं, देवनागरी मजकुराचा बहुमॉड्यूल प्रोजेक्ट रिकाम्या रिपॉझिटरीवर चालवला, आधीच्या रिलीजपेक्षा फरक नाही, हे सगळं लिहिलं. मत बंधनकारक नाही, हेही लिहिलं. प्लगइनची तक्रार त्याच्या कर्त्यांकडे वेगळी पाठवली.

मतदान मंजूर झालं. रॅपरच्या, म्हणजे कुठलं मेव्हन वापरायचं ते ठरवणाऱ्या, फाइलीत आवृत्तीची ओळ आणि तिचा चेकसम बदलून नवं मेव्हन आधी उत्पादनाच्या मॉड्यूलला लावलं. बिलांचं मॉड्यूल अजून ३.८ वरच आहे. ते प्लगइन तिथेच वापरलंय.